फियाट 1100 डिलाइट, 1968 : लिलावाआधीच्या नोंदी

18 ऑगस्ट 2024

गाडी आज आहे तशी लिहून ठेवते, म्हणजे पुढे काय बदललं आणि काय नाही ते कुणालाही पडताळता येईल.

फियाट 1100 डिलाइट, 1968. पेट्रोल, 1089 सीसी, चार सिलिंडर, हँड गियर (स्टिअरिंगजवळचा), पुढे सलग सीट, मागची दोन्ही चाकं ओढणारी. आजोबांनी नवी घेतली. त्यांच्यामागे काकांच्या नावावर झाली. काका गेल्या वर्षी गेले. 2019 पासून गाडी बिल्डिंगच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. रंग फिका निळा, छतावर आणि बॉनेटवर उन्हाने उडालेला. चारही टायर बसलेले. क्रोमवर ठिपके, पण बंपर, व्हील कॅप, दारांवरच्या पट्ट्या, मागचं ‘डिलाइट’ हे नाव, सगळं जागेवर. पुढच्या दोन्ही दारांच्या तिकोनी काचा शाबूत आहेत. या गाड्यांत सगळ्यात आधी त्याच जातात.

काकूंनी विकायचं नक्की केलं आहे. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, प्रत्येकाने मनाला येईल तो आकडा सांगितला, आणि एकाला हो म्हणायचं म्हणजे बाकीच्यांची नाराजी. म्हणून लिलाव. जुन्या गाड्यांचे लिलाव करणाऱ्या एका संस्थेशी बोलणं झालं. हिवाळ्यातल्या लिलावात घ्यायला ते तयार आहेत.

घरात मात्र दोन मतं आहेत. दादा म्हणतो, आधी लाल मेटॅलिक रंग मारू, अलॉय बसवू, सीटला लेदर करू, मग भाव येईल. मला हे अजिबात पटत नाही. नवा चकचकीत रंग बघितला की जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो: खाली काय लपवलंय? छप्पन्न वर्षांच्या गाडीत जे कंपनीचं उरलं आहे ते पुन्हा आणता येत नाही. रंग काय, घेणारा त्याच्या मनासारखा कधीही मारून घेईल. काकू म्हणाल्या, “तुझ्या काकांनी तिला कधी नटवली नाही. चालती ठेवली. तेवढंच कर.” काम ठरलं ते असं: गाडी चालती आणि सुरक्षित करायची, जे खराब आहे ते उघड सांगायचं.

24 ऑगस्ट

कागदांचा दिवस. काकांच्या कपाटात जुनं आरसी बुक सापडलं, त्यावर आजोबांच्या नावावरून काकांच्या नावावर झालेली नोंद स्पष्ट आहे. नंबर ‘एमआर’ने सुरू होणारा, जुना तीन अक्षरी. शिवाय सर्व्हिसची बिलं आणि एक वही. वहीत किलोमीटर, पेट्रोल, तेल कधी बदललं, प्लग कधी, सगळं काकांच्या अक्षरात. ही वही गाडीबरोबर द्यायला काकू तयार झाल्या. माझ्या मते क्रोमच्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा तिचं मोल जास्त आहे, कारण तिच्यामुळे मीटरचा आकडा खरा ठरतो.

मग टॉर्च घेऊन नंबर तपासले. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, दोन्ही आरसी बुकाशी जुळतात. ही साधी गोष्ट नाही. मुंबईत या गाड्या वर्षानुवर्षं टॅक्सीत राबल्या. खासगी गाड्यांतही इंजिन दमलं की दुसऱ्या फियाटचं बसवायची पद्धत होती, काहींत डिझेलही चढलं. मूळ इंजिन असलेली डिलाइट शोधावी लागते.

1 सप्टेंबर

मिस्त्री आज गाडी बघायला आले. कुर्ल्याला गॅरेज, वडिलांपासून फियाटचं काम. त्यांनी पहिली ताकीद दिली: कुणीही सेल्फ मारायचा नाही. पाच वर्षं उभ्या गाडीत रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं आणि तसंच ठेवलं. हँडल लावून फिरवायचं ते आठवड्याने.

टाकीतलं पेट्रोल उपसलं. वास व्हार्निशसारखा, रंग चहासारखा. टाकी काढून धुवावी लागेल. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबल्या तर भेगा पडतात. जुन्या गाडीवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि त्या काळातलं रबर खातं. नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचे वायसर हे सगळं आता मिळतं ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचंच घ्यायचं. दिसायला जुनी नळी कितीही चांगली असली तरी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळण्याचा धोका कुणी घेऊ नये.

15 सप्टेंबर

इंजिन हँडलवर मोकळं फिरलं, आणि आज चालूही झालं.

त्याआधी केलेलं काम: तेल आणि फिल्टर बदलला, पॉइंट घासून गॅप लावली, कंडेन्सर नवा, प्लग नवे, टाकीऐवजी बाहेरची बाटली लावून पेट्रोल दिलं. चोक ओढला, सेल्फ मारला, थोडा धूर, मग आवाज बसला. आयडलिंगला डायनॅमोचा लाल दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की जातो. डायनॅमोच्या गाडीत ते असंच असतं, बिघाड नव्हे. लिलावाच्या माहितीत हे लिहायचं, नाहीतर आल्टरनेटरची सवय असलेला माणूस घाबरेल.

गाडी जरा मिसिंग करत होती. कॉम्प्रेशन गेज लावल्यावर बाकीचे तीन सिलिंडर साधारण एका पातळीवर, तिसऱ्या नंबरचा बराच कमी. दादा लगेच म्हणाला, हेड खोला. मिस्त्रींनी नकार दिला. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. एवढ्या वर्षांनी स्टडवरून हेड ओढायला गेलं की कधी कधी हेडच तडकतं. “पहले टॅपेट देखेंगे,” म्हणाले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची फट आधी तपासू. तिसऱ्याच्या एक्झॉस्टचा टॅपेट इतका टाइट होता की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, दाब तिथूनच निसटत होता. सगळे टॅपेट लावले, इंजिन गरम केलं, पुन्हा मोजलं. तिसरा बाकीच्यांच्या जवळ आला. हेड न खोलता काम झालं याचा मला फार आनंद आहे. पैसे वाचले ते वेगळंच. कंपनीनंतर हे इंजिन कुणी उघडल्याची वहीत नोंद नाही, आणि ते तसंच पुढे जाईल.

रेडिएटरमधून तपकिरी पाणी निघालं. काका नळाचं पाणी घालत. धुवून कूलंट भरला. अॅल्युमिनियमच्या हेडला नुसतं पाणी आतून खातं.

29 सप्टेंबर

आज पत्रा. कागद आणि इंजिन यांच्याइतकाच महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग.

या गाडीला वेगळी चौकट नाही, बॉडी हीच चौकट. त्यामुळे खालचा पत्रा गेला की दिसण्याचा प्रश्न राहत नाही, ताकदीचा होतो. गंज कुठे धरतो ते मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं: दाराखालची सिल, पुढच्या दोन्ही बाजूंचा पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, चाकांवरच्या कमानीची आतली कड, आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात ती जागा. ही शेवटची जागा गेली असेल तर विकत घेणाऱ्याने दोनदा विचार करावा. मुंबईच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज बाहेरून आत येत नाही. कार्पेटखाली ओल राहते, तिथून तो सुरू होतो.

मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन पूर्ण बॉडीवर फिरवलं. जिथे पोटीन जाड तिथे ते पकडत नाही. डाव्या मागच्या मडगार्डवर हाताएवढी जागा सापडली. वहीत 1983 साली बसने घासल्याची नोंद आहे, तीच ही. बाकी बॉडी खणखणीत. स्प्रिंगांच्या जागा शाबूत. उजव्या पुढच्या पायाखाली मात्र स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. डिकीच्या तळाला स्टेपनीखाली दोन भोकं.

मागच्या सीटची पाठ काढल्यावर आतल्या पत्र्यावर मूळ रंग दिसला. मलईसारखा पिवळट पांढरा. म्हणजे निळा रंग नंतरचा. वही चाळली तर 1976 मध्ये ‘कलर’ एवढाच शब्द आणि रक्कम. त्या जागेचा फोटो काढून ठेवला, घासली नाही.

ठरलं: पायाखालचा आणि डिकीचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, कारण तो सुरक्षिततेचा भाग आहे. कापण्याआधी, कापल्यावर आणि वेल्ड झाल्यावर फोटो. नव्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर जाड काळा थर देऊन वेल्ड झाकायची नाही. मडगार्डवरचं पोटीन तसंच राहील आणि माहितीत लिहिलं जाईल. दादाला मी चुंबक हातात देऊन स्वतः फिरवायला लावलं. त्यानंतर लाल रंगाचा विषय त्याने काढला नाही, उलट डिकी घासायला तोच बसला.

13 ऑक्टोबर

ब्रेक. चारही चाकांना ड्रम, एकच मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. इथे जुनं जपायचा प्रश्नच नाही. मास्टर आणि व्हील सिलिंडरचे किट, सगळ्या रबरी नळ्या, मागचे ब्रेक शू नवे. काढलेले भाग खोक्यात.

सामानासाठी मिस्त्रींबरोबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरले. दुकानदार सांगतात, पद्मिनीचं यांत्रिक सामान अजून निघतं. डिलाइटच्या इंजिनाशी आणि पुढच्या सस्पेन्शनशी त्यातलं पुष्कळ जुळतं, कारण पद्मिनी ही तीच गाडी, नाव बदललेली. पण वर्षागणिक माल आटतो आहे. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर तीही थांबली. टॅक्सी होत्या तोवर किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि बुश यांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता आमच्यासारखे तुरळक लोक. गाडी ठेवायची असेल त्याने हे सामान आत्ता घेऊन ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही किंगपिनचा एक संच, क्लच प्लेट आणि पेट्रोल पंपाचं किट घेतलं. तेही गाडीबरोबर जाईल.

पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. डाव्या किंगपिनला खेळ आहे, उजव्याला जवळपास नाही. ग्रीस भरल्यावर खेळ कमी जाणवतो, पण त्यामुळे झीज भरून येत नाही. डावा बदलला. उजवा बदलला नाही, आणि बदलला नाही असं लिहिणार.

10 नोव्हेंबर

आरटीओची कामं एका ठिकाणी लिहून ठेवते. वारसाने नावावर करायला फॉर्म 31, बरोबर काकांचा मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती, विमा, पीयूसी. नोंदणीची मुदत संपली होती म्हणून नूतनीकरणाचा फॉर्म 25 आणि पर्यावरण कर. गाडी तपासणीला न्यावी लागली. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा जोडायचा असतो. नंबरावर कुणी रंगाचा जाड थर दिला की तो ठसा उठत नाही, आणि मग प्रश्नांची सरबत्ती. आमचा पहिल्याच कागदावर स्वच्छ उठला.

पीयूसीसाठी कार्बोरेटरवर मेहनत घ्यावी लागली. 2000 सालाआधीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. मिश्रण थोडं पातळ केलं, टायमिंग जुळवलं, गाडी पूर्ण गरम करून नेली आणि पास झाली. थंड गाडी नेली असती तर चोकमुळे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणावर ती नापासच होती.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्यांना ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच. आम्ही साधी नोंदणी ठेवली. ही गाडी चालण्यासाठी केलेली आहे, आणि तिला व्हिंटेज करायचं की नाही हे नव्या मालकाने ठरवावं. आपण आधीच करून टाकलं तर त्याचा एक पर्याय आपण काढून घेतो.

काकूंच्या नावाची आरसी हातात आली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी माझ्या नावावर, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

8 डिसेंबर

लिलाववाल्यांकडून माहितीपत्रकाचा मसुदा आला. फोटो उत्तम. मजकुरात मात्र ‘इटलीहून आयात’ असं होतं, आणि घरगुती बोलण्यातलं ‘डुक्कर फियाट’ही होतं. दोन्ही दुरुस्त करून पाठवलं. त्यांनी लगेच मान्य केलं. दुरुस्ती अशी:

मूळ 1100 म्हणजे फियाटचा प्रकल्प क्रमांक 103, दान्ते जाकोझा यांच्या हाताखाली झालेला, 1953 च्या जिनिव्हा प्रदर्शनात आलेला. डुक्कर म्हणतात ती त्याची पहिली, गोल पाठीची आवृत्ती, जिची पुढची दारं उलटी उघडतात. आमची ती नव्हे. आमची म्हणजे इटलीत 1962 ला आलेल्या 1100 डी या आवृत्तीची भारतीय गाडी, मागे छोटे पंख आणि चौकोनी पाठ असलेली. ती बनली कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. इटलीत 1100 डी 1966 ला थांबली. इथे तीच गाडी 1972 नंतर प्रीमियर प्रेसिडेंट झाली, 1974 ला पद्मिनी, आणि शतक संपेपर्यंत तिचं उत्पादन सुरू राहिलं. तुरिनमध्ये जिचं आयुष्य चार वर्षांचं, ती कुर्ल्यात तीन पिढ्या टिकली. ‘आयात’ या शब्दाने गाडीचा मान वाढतो असं कुणाला वाटत असेल, तर मला नेमकं उलटं वाटतं. परमिटच्या काळात वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली, इथल्या कामगारांनी जोडलेली, इथल्याच मिस्त्रींनी चालती ठेवलेली गाडी आहे ही. तेच लिहायला हवं.

दोषांची यादी मी स्वतः लिहिली आणि शब्द न बदलता छापायची विनंती केली: रंग मूळ नाही, 1976 चा, डाव्या मागच्या मडगार्डमध्ये पोटीन, उजव्या पुढच्या पायाखाली आणि डिकीत नवा पत्रा, फोटो सोबत, उजवा किंगपिन जुना, दुसऱ्या गियरला घाईने टाकताना खरखर, घड्याळ बंद, सीटचं रेक्झिन पुढे फाटलेलं, मागे मूळ.

लिलाव ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ या अटीवर असतो. त्यामुळे विकणारा बऱ्याच गोष्टींतून सुटतो. पण या अटीआड लपून गप्प बसायचं नाही हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. राखीव किंमत आम्ही अंदाजाच्या खालच्या टोकाला ठेवली. ती वर ठेवली की गाडी न विकता परत येते, आणि एकदा परत आलेल्या गाडीकडे पुढच्या वेळी लोक संशयाने बघतात. बोली लावणाऱ्याने हेही धरायला हवं की अंतिम बोलीवर संस्थेची टक्केवारी आणि त्या टक्केवारीवर जीएसटी वेगळा लागतो.

19 जानेवारी 2025

बघण्याचे दिवस. मोठ्या परदेशी गाड्यांच्या ओळीत आमची सगळ्यात लहान, कोपऱ्यात. तरी तिच्याभोवती गर्दी मोडत नव्हती. मोठ्या गाड्यांजवळ लोक फोटो काढत होते. इथे ते बोलत होते: आमच्याकडे अशीच होती, मी हिच्यावर गाडी शिकलो, हँड गियरचा रिव्हर्स कसा पडतो ते मुलाला दाखवू का. दाखवू दिलं, कितीही वेळा.

खरे गिऱ्हाईक मात्र ओळखू येत होते. ते वाकून खाली बघत. सांगलीहून आलेले एक गृहस्थ, मुलीला घेऊन, जमिनीवर कापड टाकून गाडीखाली गेले. बाहेर येऊन म्हणाले, “वेल्ड उघडी ठेवलीत ते बरं केलंत. झाकलेली असती तर मी इथूनच परत गेलो असतो.” मग त्यांनी वही मागितली आणि बाकावर बसून मन लावून वाचली. गाडी थंड असताना चालू करून दाखवायचा आग्रह धरला. तो योग्यच होता. गरम गाडी कुणीही चालू करून दाखवतो.

जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवायचा राज्याचा आदेश आला आहे. ती बसवून घेतली. हाताने रंगवलेल्या मूळ काळ्या पाट्या कापडात गुंडाळून सामानाच्या खोक्यात ठेवल्या.

2 फेब्रुवारी

लिलाव झाला. बोली ऑनलाइन आणि सभागृहात एकत्र. सुरुवात राखीव किमतीच्या खालून, मग बराच वेळ शांतता, मग दोघांत चढाओढ लागली. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते, तशी ती पुन्हा पुन्हा वाढली. हातोडा पडला तेव्हा आकडा अंदाजाच्या वरच्या टोकाजवळ होता. दादाने सुचवलेल्या रंगकामाचा खर्च वजा केला असता तर नटवलेल्या गाडीचे हातात इतके उरले नसते, हे त्यानेच हिशेब करून सांगितलं. घेतली सांगलीच्या गृहस्थांनी.

16 फेब्रुवारी

पैसे जमा झाले, कागद पूर्ण. फॉर्म 32 सरकारी लिलावातल्या गाड्यांसाठी असतो, त्यामुळे इथे नेहमीचे फॉर्म 29 आणि 30, दोघांच्या सह्यांनी. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार म्हणून फॉर्म 28 वर एनओसीचा अर्ज. राज्य तेच, त्यामुळे नंबर तोच राहतो.

गाडी ट्रकवर नेली, चालवत नेऊ नका असं मिस्त्रींनीच बजावलं होतं. नव्या ब्रेक शूंना आधी गावातल्या गावात बसू द्यायचं. सोबत दिलेलं: वही, बिलं, जुनं आरसी बुक, काळ्या पाट्या, काढलेले भाग, नव्या सामानाचं खोकं, पत्र्याच्या कामाचे सगळे फोटो, आणि मिस्त्रींचा नंबर. उजवा किंगपिन नवे मालक मे महिन्यात बदलणार आहेत. मिस्त्री त्यासाठी सांगलीला जायला तयार आहेत.